केंट, जॅक्सन आणि मेल्यानंतरचा विटाळ

१९७० च्या मे महिन्यात अमेरिकेत अकरा दिवसांच्या अंतराने दोन शिक्षणसंस्थांच्या आवारांत सरकारी बंदुकांनी विद्यार्थी मारले गेले. पहिले आवार ओहायो राज्यातील केंट स्टेटचे, दुसरे मिसिसिपी राज्यातील जॅक्सन स्टेटचे. केंटला मेलेले चौघे गोरे होते. जॅक्सनला मेलेले दोघे काळे होते. केंटवर गाणी झाली, कविता झाल्या, शिल्प झाले, ग्रंथांची तर रांग लागली. जॅक्सनच्या वाट्याला त्या मानाने फारच थोडे आले. व्हिएतनाम युद्धाला विरोध करणाऱ्या अमेरिकन तरुणांविषयी आपल्याकडे बोलणे निघाले की केंटचे नाव हटकून येते. जॅक्सनचे नाव आपल्या व्याख्यानांतून आणि शिबिरांतून मी क्वचितच ऐकले आहे. ज्या चळवळीने १९७२ साली मुंबईत आपले नावच काळ्या अमेरिकेकडून घेतले, त्या दलित पँथरच्या वारसांच्या तोंडीही केंटच यावे, याचा विचार समीक्षेने करायला हवा. पोलिसांचे काम गोळी झाडून संपते. मेलेला माणूस लोकांच्या स्मरणात कोणत्या रूपाने राहणार हे पुढे लिहिणारे, गाणारे आणि चित्रे काढणारे ठरवतात. म्हणून हा प्रश्न मी साहित्याचा मानतो.

मेलेल्यांना तराजूत घालण्याचा माझा हेतू नाही. केंटच्या चौघांचे मरण तितकेच अन्यायाचे आहे आणि त्यांच्यावर जे लिहिले गेले त्यातले पुष्कळसे प्रामाणिकही आहे. मला पाहायचे आहे ते असे, की एकाच महिन्यातील एकाच सत्तेच्या दोन गोळीबारांपैकी एक 'राष्ट्राची शोकांतिका' कसा झाला आणि दुसरा 'तिकडचे नेहमीचेच' म्हणून बाजूला कसा पडला.

आधी केंट. ३० एप्रिल १९७० रोजी अध्यक्ष निक्सन यांनी दूरचित्रवाणीवरून कंबोडियात सैन्य घुसवल्याचे जाहीर केले. युद्ध आवरते घेऊ म्हणणाऱ्याने ते शेजारच्या देशात नेले, म्हणून विद्यापीठे पेटली. १ मे रोजी केंटच्या विद्यार्थ्यांनी राज्यघटनेची प्रत जमिनीत पुरली. राज्यघटनेला ज्यांनी आधार मानले त्या आपल्यासारख्यांना ही कृती चमत्कारिक वाटेल; पण घटनेची हत्या अध्यक्षानेच केली आहे आणि आम्ही फक्त अंत्यसंस्कार करतो आहोत, असा त्यांचा आशय होता. दुसऱ्या रात्री आवारातील लष्करी प्रशिक्षणाची इमारत जळाली आणि नॅशनल गार्डचे सैनिक आले. त्यांतले कित्येक ट्रकचालकांच्या संपाच्या बंदोबस्तावरून सरळ इकडे आणलेले होते. गव्हर्नर जेम्स ऱ्होड्स सिनेटच्या उमेदवारीसाठी उभे होते आणि ५ मे रोजी पक्षांतर्गत मतदान होते. ३ मे रोजी त्यांनी पत्रकारांसमोर आंदोलकांना हिटलरच्या तपकिरी डगलेवाल्यांहूनही वाईट ठरवले. ४ मे रोजी भर दुपारी २८ सैनिकांनी १३ सेकंदांत साठाहून अधिक गोळ्या झाडल्या. चार ठार, नऊ जखमी. ॲलिसन क्राउस, जेफ्री मिलर, सँड्रा शॉयर, विल्यम श्रोडर. वये १९ आणि २०. त्यांतला सर्वांत जवळचा मिलर बंदुकांपासून २६५ फुटांवर होता. शॉयर वर्गाकडे निघाली होती. श्रोडर तर लष्करी प्रशिक्षणाचाच विद्यार्थी होता. ऱ्होड्स दुसऱ्या दिवशी निवडणूक हरले, हे जाता जाता सांगून टाकतो.

यापुढे जे घडले त्याकडे दलित वाचकाने बारकाईने पाहावे असे मला वाटते. गोळीबारानंतर गॅलपने घेतलेल्या जनमत चाचणीत ५८ टक्के लोकांनी दोष विद्यार्थ्यांना दिला. गार्डला दोष देणारे ११ टक्के होते. पण दोष देऊन गावाचे समाधान झाले नाही. केंट आणि आसपासच्या वस्तीत अफवा फिरू लागल्या. मेलेल्या दोन्ही मुली गरोदर होत्या. चौघांच्याही अंगावर उवा वळवळत होत्या. त्यांना गुप्तरोग इतका जडला होता की ती पोरे नाहीतरी पंधरा दिवसांत मेलीच असती. यातले एकही अक्षर खरे नव्हते. मानसशास्त्रज्ञ इलियट ॲरनसन यांनी या अफवा आपल्या पाठ्यपुस्तकात उदाहरण म्हणून घेतल्या आहेत. माणसाच्या हातून, किंवा त्याच्या संमतीने, क्रूर कृत्य घडले की बळी मुळातच त्या लायकीचा होता असे त्याला स्वतःला पटवावे लागते, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

निष्कर्ष बरोबर आहे, पण माझ्या मते अपुरा आहे. अफवा कोणत्या होत्या ते पाहा. हे विद्यार्थी खुनी होते, चोर होते, परक्या देशाचे हेर होते, असे म्हणता आले असते. तसे म्हणणारेही होते. परंतु गावाने पसंत केले ते उवा, रोग, व्यभिचार. म्हणजे घाण. म्हणजे विटाळ. ज्यांनी आपल्या इतिहासात हा शब्द अंगावर वागवला आहे त्यांना या निवडीचे आश्चर्य वाटणार नाही. ज्याला मारायचे, किंवा मारून झाले आहे, त्याला आधी ओवळा करावा लागतो. मध्यमवर्गीय गोऱ्या अमेरिकेने आपल्याच पोटच्या पोरांना काही आठवड्यांपुरते अस्पृश्य केले. लांब केस, अनवाणी पाय, न धुतलेले कपडे ही त्या अस्पृश्यतेची लक्षणे. जेम्स मिचनर यांनी केंटवर १९७१ साली जो जाडजूड ग्रंथ लिहिला त्यात लांब केसांनी आणि अनवाणी हिंडणाऱ्यांना गोळीच घातली पाहिजे असे ठामपणे सांगणारी एक आई आहे. तिची स्वतःची मुलेही केंटचीच विद्यार्थी. मिचनर यांच्या पुस्तकात चुका पुष्कळ आहेत आणि दोन्ही बाजूंना सांभाळून घेण्याची त्यांची धडपड अनेक ठिकाणी केविलवाणी वाटते. तरीही या आईसाठी ते पुस्तक वाचावे. शुद्धाशुद्धतेची कल्पना ही केवळ हिंदू धर्मशास्त्राची मिरास आहे असे समजणाऱ्यांना त्यातून शिकण्यासारखे आहे. फरक इतकाच की केंटच्या पोरांचा विटाळ केस कापून धुता येण्याजोगा होता. पुढे तो धुतलाही गेला.

जॅक्सनमध्ये अशा अफवांची गरजच नव्हती. तिथे मेलेल्यांचा रंग पुरेसा होता.

केंटच्या कथेतील आणखी एक गोष्ट गोऱ्या लेखकांच्या पुस्तकांत कोपऱ्यात पडलेली असते. केंट स्टेटमध्ये काळे विद्यार्थी होते, ब्लॅक युनायटेड स्टुडंट्स ही त्यांची संघटना होती आणि ती दुबळी नव्हती. ४ मे रोजी ते मैदानावर जवळजवळ दिसत नाहीत. का? युद्ध त्यांना मान्य होते म्हणून? मुळीच नाही. संघटनेच्या पुढाऱ्यांनी काळ्या मुलांना त्या सभेपासून दूर राहायला बजावले होते. बंदूकधारी शिपाई आवारात आला म्हणजे तो बंदूक चालवणार, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. गोऱ्या विद्यार्थ्यांतील अनेकांना मात्र शेवटच्या क्षणापर्यंत वाटत होते की बंदुका रिकाम्या असतील, किंवा फार तर आवाजाची काडतुसे असतील. एकाच वर्गात बसणाऱ्या, एकाच खानावळीत जेवणाऱ्या दोन मुलांचे राज्यसंस्थेविषयीचे ज्ञान इतके भिन्न होते. 'जाणीव' हा शब्द आपण समीक्षेत इतका वापरला आहे की तो झिजून गेला. मला विचाराल तर त्या शब्दाचा अर्थ या एका प्रसंगाने जितका स्पष्ट होतो तितका अनेक परिसंवादांतून झालेला नाही.

आता कलाकृतींकडे वळतो. केंटचे सर्वांत गाजलेले चित्र जॉन फिलो या विद्यार्थ्याने काढलेले छायाचित्र. मिलर पालथा पडला आहे आणि चौदा वर्षांची, घरातून पळून आलेली एक मुलगी गुडघ्यावर बसून, हात पसरून आक्रोश करते आहे. १९७१ चे पुलित्झर पारितोषिक त्याला मिळाले. चित्र थोर आहे याविषयी वाद नाही. मूळ छायाचित्रात त्या मुलीच्या डोक्यामागे कुंपणाचा खांब येतो. पुढे कोणा संपादकाने तो पुसून टाकला आणि पुसलेलीच प्रत कित्येक वर्षे मोठमोठ्या मासिकांतून छापली गेली. दुःखाच्या चित्रातूनही अडचणीचा खांब काढून ते सुबक करण्याची ही प्रवृत्ती आपल्या ओळखीची आहे. दलित आत्मकथनांतील शिव्या गाळून ती अभ्यासक्रमाला लावा म्हणणारे प्राध्यापक त्याच जातकुळीचे.

ही छायाचित्रे 'लाइफ' साप्ताहिकात पाहून नील यंग यांनी 'ओहायो' हे गाणे लिहिले. गाणे रागाचे आहे, थेट अध्यक्षाचे नाव घेणारे आहे, आणि काही नभोवाणी केंद्रांनी ते वाजवायला नकार दिला. ते ध्वनिमुद्रित झाले २१ मे रोजी. जॅक्सनचा गोळीबार होऊन तेव्हा सहा दिवस लोटले होते. गाण्यात तो नाही. गायकाला दोष देऊन काय साधणार? त्याच्या डोळ्यांसमोर जे चित्र आले त्यावर त्याने लिहिले. चित्र कोणाचे आले नाही, हा प्रश्न उरतो. स्टीव्ह मिलर यांच्या वाद्यवृंदाने त्याच वर्षी केंट आणि जॅक्सन ही दोन्ही नावे शीर्षकात घेऊन एक ब्लूज गाणे केले, त्याची नोंद येथे केली पाहिजे. ते 'ओहायो'इतके लोकांच्या ओठी बसले नाही.

सोव्हिएत कवी येव्तुशेंको यांनी ॲलिसन क्राउसवर कविता लिहिली आणि ती 'प्रावदा'त छापून आली. गार्डच्या बंदुकीच्या नळीतील फुलाविषयी ती मुलगी आदल्या दिवशी काही बोलली होती असे सांगतात. कवितेचा सारा डोलारा त्या फुलावर उभा आहे. याच कवीने १९६८ साली प्रागमध्ये शिरलेल्या रणगाड्यांचा निषेध करणारी कविता लिहिली होती आणि ती 'प्रावदा'त छापली जाणे शक्यच नव्हते. कवीची प्रामाणिकता मी मान्य करतो, वृत्तपत्राची नाही. शत्रूच्या घरातील प्रेत कवितेला फार सोयीचे असते, आणि त्यातही फूल हाती असलेली गोरी तरुणी.

या सर्वांत मला वैचारिक दृष्ट्या महत्त्वाचे वाटते ते जॉर्ज सीगल यांचे शिल्प. केंटच्या स्मरणार्थ त्यांनी बायबलातील अब्राहम आणि इसाक घडवले. बाप सुरी घेऊन उभा, मुलगा हात बांधलेला आणि गुडघ्यावर. १९७८ साली विद्यापीठाने हे शिल्प नाकारले. ते प्रिन्स्टनला गेले. हिंसाचार दाखवणारे शिल्प आम्हाला नको, अशा अर्थाचे कारण पुढे करण्यात आले. ज्या आवारात खऱ्या गोळ्या चालल्या तिथे ब्राँझची सुरी सहन झाली नाही. पण मला बोलायचे आहे ते शिल्पाच्या रूपकाविषयी. बाप आपल्या मुलाचा बळी देतो: केंटसाठी हे रूपक चपखल आहे, कारण मारणारे आणि मरणारे एकाच घरातले होते. सैनिकांतले कित्येक विद्यार्थ्यांच्याच वयाचे, त्याच राज्यातील गावांतून आलेले. म्हणूनच केंट गोऱ्या अमेरिकेला शोकांतिका वाटली. आपल्याच घरात हे कसे झाले, हा त्या शोकाचा गाभा आहे.

जॅक्सनला हे रूपक लावून पाहा, ते मोडून पडते. तिथे बाप नाही, मुलगा नाही, शेवटच्या क्षणी हात धरणारा देवदूतही नाही. आपल्या परंपरेतून दाखला द्यायचा तर तो शंबूकाचा द्यावा लागेल. ज्ञानाची आणि तपाची आकांक्षा धरणाऱ्या शूद्राला राजा स्वतः येऊन मारतो आणि राज्यात सुव्यवस्था नांदू लागते. कोणी रडत नाही, वर देव फुले उधळतात. शंबूकवधात शोकांतिका नसते, कारण सांगणाऱ्याच्या लेखी तिथे कोणी आपला मेलेला नसतो. केंटचे साहित्य अब्राहमाचे आहे. जॅक्सनचे साहित्य शंबूकाच्या बाजूने लिहावे लागणार होते आणि ते लिहिणे अवघड होते.

जॅक्सन स्टेट हे काळ्यांचे महाविद्यालय. त्याच्या आवाराच्या मधून लिंच स्ट्रीट नावाचा रस्ता जात असे. हे नाव जॉन आर. लिंच या काळ्या लोकप्रतिनिधीचे; गुलामगिरी संपल्यानंतरच्या काळात तो मिसिसिपीतून अमेरिकन काँग्रेसमध्ये निवडून गेला होता. या रस्त्याने गोरे मोटारवाले शिव्या देत, कधी मुलींच्या अंगावर गाडी घालत जायचे, आणि विद्यार्थी दगड मारायचे. १४ मे १९७० च्या रात्री तेच झाले. चार्ल्स एव्हर्स या काळ्या महापौराचा खून झाल्याची खोटी बातमी पसरली आणि एक मालट्रक पेटला. शहर पोलीस आणि राज्याचे महामार्ग पोलीस चिलखती गाडीसह आत आले आणि अलेक्झांडर हॉल या मुलींच्या वसतिगृहासमोर उभे राहिले. मध्यरात्र उलटल्यावर एक बाटली फुटली आणि गोळीबार सुरू झाला. तो २८ सेकंद चालला. चारशेहून अधिक गोळ्या आणि छर्रे त्या इमारतीवर आदळले. बारा जखमी. फिलिप गिब्ज हा २१ वर्षांचा, एका मुलाचा बाप, वसतिगृहाजवळ पडला. जेम्स अर्ल ग्रीन हा १७ वर्षांचा शाळकरी मुलगा किराणा दुकानातील काम संपवून घरी चालला होता. तो रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, पोलिसांच्या पाठीमागे होता. पोलिसांनी वळून त्याला मारले. वसतिगृहातून कोणी बंदूक चालवली असा पोलिसांचा दावा होता. त्याला पुरावा मिळाला नाही. एकाही पोलिसावर खटला उभा राहिला नाही. स्थानिक ग्रँड ज्युरीने तर दंगलीत भाग घेणाऱ्यांनी जखमी होण्याची किंवा मरण्याची तयारी ठेवावी, असा उपदेश केला.

आता नेहमीचा आक्षेप. जॅक्सनचे प्रकरण वंशद्वेषाचे होते, युद्धविरोधाचे नव्हते. म्हणून त्याला या इतिहासात जागा कशी द्यायची? हा आक्षेप सभ्य दिसतो आणि म्हणून त्याचे उत्तर सविस्तर द्यावे लागते. जॅक्सनचे विद्यार्थी त्या रात्री कंबोडियाच्या घोषणा देत नव्हते, हे खरे. पण व्हिएतनाम युद्धाला संघटितपणे 'नाही' म्हणणाऱ्या पहिल्या संघटनांत एसएनसीसी ही दक्षिणेतील काळ्या विद्यार्थ्यांची संघटना होती. १९६६ च्या जानेवारीत तिने निवेदन काढले. त्याला निमित्त होते सॅमी यंग या टस्कीगीच्या विद्यार्थ्याचा खून. तो अमेरिकन नौदलात नोकरी करून आलेला होता आणि पेट्रोल पंपावरील गोऱ्यांचे शौचालय वापरू पाहिल्याबद्दल त्याला मारले. या निवेदनाची पाठराखण केली म्हणून ज्युलियन बाँड यांना निवडून येऊनही जॉर्जियाच्या विधिमंडळात बसू दिले नाही. त्यासाठी त्यांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. युद्धाच्या पहिल्या वर्षांत लढताना मेलेल्यांत काळ्यांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने कितीतरी जास्त होते, आणि दक्षिणेतील सक्तीच्या भरतीच्या मंडळांवर काळे सभासद जवळजवळ नव्हतेच. महाविद्यालयात नाव असले तर भरती लांबणीवर पडत असे. अशा स्थितीत काळ्या मुलाचे महाविद्यालयात असणे हीच युद्धाशी झुंज होती. डॉ. किंग यांनी ४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या चर्चमध्ये हेच सांगितले, तेव्हा मोठमोठ्या वृत्तपत्रांनी त्यांना आपल्या विषयापुरते बोला म्हणून दटावले. 'तुमचा विषय' आणि 'राष्ट्राचा विषय' अशी वाटणी करणारे हे संपादक आपल्याही ओळखीचे आहेत. दलिताने अस्पृश्यतेवर लिहावे, युद्ध, परराष्ट्र धोरण आणि अर्थकारण इतरांवर सोपवावे, असे आपल्यालाही सुचवण्यात येतेच.

अध्यक्षांनीच नेमलेल्या स्क्रँटन आयोगाने दोन्ही गोळीबारांचा तपास केला. आयोगाचे अहवाल मी साहित्यासारखे वाचतो. विशेषणांवर लक्ष ठेवतो. केंटचा गोळीबार अनावश्यक आणि अक्षम्य, जॅक्सनचा अवाजवी आणि असमर्थनीय, असे दोन्हीकडे स्पष्ट म्हटले आहे. जॅक्सनच्या मुळाशी वंशभेद आहे आणि आपल्याला शिक्षा होणार नाही ही पोलिसांची खात्री आहे, हेही त्यात आले. सरकारी कागद असून तो पुष्कळ कवितांपेक्षा न्यायी निघाला, हे नमूद करताना मला आनंद होत नाही. अर्थात अहवालाने कोणी तुरुंगात गेले नाही. केंटच्या आठ सैनिकांवर १९७४ साली खटला झाला आणि ते सुटले. १९७९ साली कुटुंबांना आणि जखमींना मिळून ६,७५,००० डॉलर आणि खेदाचे पत्र मिळाले. जॅक्सनच्या कुटुंबांना न्यायालयाने काहीही दिले नाही. वसतिगृहातून गोळी आली हे वाक्य वाचताना मला ११ जुलै १९९७ आठवते. रमाबाई नगरात दहा माणसे मारल्यावर जमाव गॅसचा टँकर पेटवणार होता असे सांगण्यात आले आणि गुंडेवार आयोगाला ते टिकणारे वाटले नाही. अशा वेळी लागणारा टँकर किंवा लपलेला बंदूकवाला पोलिसांना फार लवकर सापडतो.

मग जॅक्सनचे साहित्य कुठे शोधायचे? 'फॉर माय पीपल' आणि 'ज्युबिली' लिहिणाऱ्या मार्गारेट वॉकर १९४९ पासून तीस वर्षे याच जॅक्सन स्टेटमध्ये शिकवत होत्या. १९६८ साली त्यांनी तिथे काळ्यांचा इतिहास आणि संस्कृती यांच्या अभ्यासाची संस्था उभी केली. त्यांच्याच गल्लीत १९६३ साली मेडगर एव्हर्स यांचा खून झाला होता. डॉ. जनार्दन वाघमारे यांच्या लेखनामुळे मराठी वाचकाला काळ्या साहित्याची ओळख झाली, पण त्यानंतर आपली पिढी दोन-चार ठरावीक नावांवर थांबली. वॉकर यांना आपण नीट वाचलेले नाही. टिम स्पोफर्ड यांचे 'लिंच स्ट्रीट' हे पुस्तक १९८८ चे, नॅन्सी ब्रिस्टो यांचे २०२० चे. दोन्हींत त्या रात्रीचा तपशील आहे, आणि मेलेल्या दोघांची घरे, शाळा आणि गल्ल्याही आहेत. २०२१ च्या मे महिन्यात जॅक्सन स्टेटने १९७० च्या त्या तुकडीचा राहून गेलेला पदवीदान समारंभ केला आणि शहराच्या महापौरांनी जाहीर माफी मागितली. तोवर ते विद्यार्थी सत्तरीला टेकले होते.

'लिंच स्ट्रीट'चा मराठी अनुवाद व्हावा असे मला वाटते. इंग्रजी आणि आपली बोली दोन्ही जाणणारे विद्यार्थी आज मराठवाड्यात आणि विदर्भात कमी नाहीत. त्यांच्यापैकी कोणी हे काम अंगावर घेतले, तर पहिली दोन प्रकरणे या नियतकालिकाकडे पाठवावीत. अनुवाद करताना पोलिसांच्या तोंडचे शब्द मवाळ करू नयेत.